कार्यक्रम वेळेत संपला

आमच्या मराठी मंडळाला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अचानक जो उमाळा आला, त्याचं कारण गणपती होतं.

आमचं गाव अमेरिकेत, पार्सिपनीपासून वीस मिनिटांवर. तिथल्या लायब्ररीला लागून एक हॉल आहे, स्टेजसकट, बाहेर भरपूर पार्किंग. तीन वर्षं आम्ही तो गणपतीसाठी मागत होतो आणि गाव गोड हसून नाही म्हणत होतं. मग एका हिवाळ्यात गावाच्या सांस्कृतिक समितीचं पत्र आलं. फेब्रुवारीतला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना यंदा थाटात साजरा करायचा आहे, दर शनिवारी एकेका संस्थेने यजमान व्हावं. समितीवरच्या गोऱ्या बाईने फोनवर आमच्या अध्यक्षांना सुचवलं, की असं सहकार्य करणाऱ्यांचा हॉलसाठी आधी विचार होतो. अध्यक्षांनी तिथल्या तिथे तिसरा शनिवार घेऊन टाकला. इतिहास कोणाचा आणि कशाचा, हे त्यांनी फोन ठेवल्यावर नेटवर पाहिलं.

मी या मंडळाची सूत्रसंचालिका. बावीस वर्षं अमेरिकेत आहे, त्यातली अठरा माइकमागे काढली. दिवाळी, संक्रांत, कोजागिरी, कोणाच्या तरी मुलीचा नाच. तेव्हा या मंडळींना नावं ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे मला कळतं. तरी ठेवते.

पहिले दोन शनिवार मी पाहून आले होते. पहिल्या शनिवारी शेजारच्या गावातल्या एका किडकिडीत गोऱ्या गृहस्थाने तीस मुलांना आफ्रिकी ढोल शिकवले. तीसपैकी बावीस मुलं आपली किंवा चिनी होती आणि उरलेली त्याच्याच ओळखीची असावीत. कोपऱ्यात कागदी मुखवटे रंगवायचं टेबल होतं. दुसऱ्या शनिवारी हायस्कूलच्या बँडने जाझ वाजवलं आणि गावाच्या महापौरांनी 'आपण सगळे एकच कहाणी आहोत' असं काहीसं सांगून सगळ्यांबरोबर फोटो काढले. कहाणी कुठली, ती मात्र सांगितली नाही. लोक कुकी खाऊन घरी गेले.

आमची मीटिंग खजिनदारांच्या बेसमेंटमध्ये झाली.

"आपण लेझीम ठेवू," खजिनदार म्हणाले. "त्यांचे ड्रम्स, आपले ढोल. फ्यूजन करू यार, मस्त होईल."

"टॉपिकशी रिलेट नको का व्हायला?" कोणीतरी विचारलं.

"अगं, ढोल युनिव्हर्सल असतो."

एक निवृत्त डॉक्टर काका होते. त्यांच्याकडे 'भारतातील समतेची परंपरा' या विषयावरचं प्रेझेंटेशन होतं, जे आम्ही दोन वर्धापनदिनांना सहन केलं होतं. "स्लाइड्स रेडी आहेत," ते म्हणाले. "सुरुवातीला दोन त्यांच्या ॲड करतो."

हीच माणसं शनिवारच्या जेवणांना एकमेकांना सांगतात, की हायवेवरच्या अमुक एक्झिटला पेट्रोल भरायला थांबू नका. का, ते कोणी बोलत नाही, कारण सगळ्यांना कळलेलं असतं. मंडळाच्या पत्रकात शब्द 'कृष्णवर्णीय', टेबलावर नुसते 'ते लोक'. एखादी कॉलेजात जाणारी मुलगी इंग्रजीत बापाला सुनावते आणि बाप म्हणतो, तू जेव. मीही काही वेगळी नव्हे. घर घेताना मी एजंटला तीनदा विचारलं होतं, की इथल्या शाळा कशा आहेत. मला शाळांबद्दल विचारायचं नव्हतं आणि त्यालाही ते समजलं होतं.

पाऊण तासाने एका काकूंच्या लक्षात आलं, की आपल्या कार्यक्रमात त्यांच्यातलं एकही माणूस नाही. मग विचारणा झाली, कोणाच्या ओळखीचं आहे का? बेसमेंटमध्ये अठरा माणसं होती, सगळ्यांची अमेरिकेतली वर्षं मिळवली तर चार शतकं सहज भरली असती. "माझ्या टीममध्ये एक होता, पण त्याचा ले-ऑफ झाला," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आमचा मेलमन फार चांगला आहे." मी म्हणाले, माझ्या ओळखीच्या एक आहेत. म्हणताना मला चक्क मोठेपणा वाटला. त्याची लाज मला नंतर वाटली.

त्या बाई माझ्या मुलीच्या शाळेच्या कचेरीत हजेरीचं काम बघायच्या. मुलगी वर्गात दिसली नाही की सव्वानऊला त्यांचा फोन यायचा: तुझी मुलगी आज नोंदलेली नाही, घरी आहे ना? घरी आहे असं कळेपर्यंत त्या फोन ठेवत नसत. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, वय ऐंशीच्या पुढे. किराणा दुकानात भेटल्या की माझ्या मुलीची नावासकट चौकशी करायच्या. मी त्यांच्या घरी मात्र तेव्हा पहिल्यांदा गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही काम होतं म्हणून.

त्यांनी टेबल रिकामं केलं आणि त्यावर एक मोठी चादर उलगडली. त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी तिच्यावर एक गल्ली रंगवली होती. अठरा घरं, प्रत्येकाचा रंग वेगळा, कुठे वाळत घातलेले कपडे, कुठे कोंबड्या, एका खिडकीत पियानो. ही गल्ली आमच्याच गावात होती. सगळी वस्ती कृष्णवर्णीयांची. पुढे गावाने विकासासाठी ती जमीन घेतली, घरं पाडली आणि तिथे ऑफिसांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एका इमारतीत मी अकरा वर्षं नोकरी करते आहे. सध्या ती अर्धी रिकामी आहे आणि पार्किंगमध्ये बदकं फिरतात. जागेचा असा काही इतिहास आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

सतरा घरांवर कुटुंबांची आडनावं रंगवलेली होती. अठरावं, ओढ्याजवळचं, कोरं होतं.

"हेच राहिलंय," बाई म्हणाल्या. त्या घरात एक जोडपं भाड्याने राहायचं, त्यांना एक मुलगी होती. बाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, ती मुलगीही तेवढीच. दोघी ओढ्यावर खेळायच्या. मुलीच्या पुढच्या दातांतली फट त्यांना आठवत होती, तिचं हसणं आठवत होतं, नाव आठवत नव्हतं. घरं पाडायच्या आधीच ती माणसं कुठेतरी निघून गेली. भाडेकरू असल्यामुळे गावाच्या दफ्तरात त्यांचा कागद नव्हता. बाईंनी सगळीकडे शोधलं होतं. ज्यांना माहीत असेल अशी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि तीही दरवर्षी कमी होत होती.

"म्हणून जिथे कोणी उभं राहू देईल तिथे मी ही यादी वाचते," त्या म्हणाल्या. "कोण जाणे, माहीत असलेलं एखादं माणूस समोर बसलेलं असेल."

त्यांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. बारा मिनिटं, आणि सुरुवातीला मी एवढंच जाहीर करावं, की कोणाला त्या घराचं नाव माहीत असेल तर कागदावर लिहून आणून द्या. लांबून ओरडलेलं त्यांना ऐकू येत नसे. मी दोन्ही कबूल केलं. माझा मुळीच खोटेपणा नव्हता, हे इथे सांगितलंच पाहिजे.

कार्यक्रम दुपारी अडीचचा होता, साडेचारला हॉल रिकामा करून द्यायचा होता. बाईंना मी तीन वाजताची वेळ दिली होती. त्यांच्या चर्चमधल्या नऊदहा वयस्क बायका दोन वाजताच येऊन तिसऱ्या रांगेत बसल्या, हॅट घालून, नीटनेटक्या. आमची माणसं पावणेतीनला यायला लागली. चादर स्टेजच्या मागच्या पडद्यावर लावली होती. तिच्यावर डाव्या बाजूने आमच्या मंडळाचं फ्लेक्स आलं, कारण फोटोत लोगो दिसायला हवा. ओढ्याजवळचं घर त्याच्या मागे गेलं. मी खजिनदारांना म्हणाले, जरा सरकवू या का. ते म्हणाले, टेप संपली.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. लायब्ररीत आग पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीवरच्या समईचं बटण महापौर, अध्यक्ष आणि समितीच्या बाई अशा तिघांनी मिळून दाबलं. ते दोनदा दाबावं लागलं. अध्यक्षांनी मनोगत व्यक्त केलं. मग सत्कार. महापौरांना शाल आणि नारळ, समितीच्या बाईंना शाल आणि नारळ, लायब्ररीच्या व्यवस्थापकांना शाल आणि नारळ, आणि ज्यांनी नारळ आणले होते त्यांनाही, ऐन वेळी, एक शाल. प्रत्येकाने 'दोन शब्द' बोलावेत अशी विनंती मीच केली, कारण तशी रीत आहे. लेझीम झालं. लेझीम पथकातल्या एका मुलीची आई उशिरा पोचली, म्हणून अर्धं लेझीम पुन्हा झालं.

साडेतीन वाजता अध्यक्ष मला म्हणाले, "अगं, काकांचं आधी घेऊ. त्यांना नातवाकडे जायचंय. त्या बाई शेवटी. शेवट कसा इमोशनल होईल."

काकांच्या चौदा मिनिटांची पस्तीस मिनिटं झाली. त्यांनी दोन स्लाइड खरंच वाढवल्या होत्या; दोन्हींत साखळदंड होते. उरलेल्या अठ्ठावीस स्लाइडमध्ये आपण भारतीय पूर्वीपासून किती समजूतदार आहोत, ते होतं. तिसऱ्या रांगेतल्या हॅटा हलल्या नाहीत. त्या बायका इतक्या सभ्यपणे ऐकत होत्या, की मला मान वर करवेना.

आता चिठ्ठीबद्दल सांगते. आमच्या मंडळात चिठ्ठी ही एक संस्थाच आहे. वक्ता लांबला की सूत्रसंचालिकेने वाकून, चोरपावलांनी जायचं, पुढ्यात घडी घातलेली चिठ्ठी ठेवायची आणि तसंच मागे यायचं. वक्ता ती खिशात घालतो आणि आणखी वीस मिनिटं बोलतो. कोणाला राग येत नाही. काकांना त्या दुपारी मी तीन पाठवल्या. त्यांनी तिन्ही न उघडता चष्म्याखाली ठेवल्या.

बाई माइकपाशी आल्या तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी त्यांची ओळख अर्ध्या मिनिटात उरकली आणि जे जाहीर करायचं होतं ते वेळेअभावी गाळलं. 'वेळेअभावी' हा शब्द मी अठरा वर्षांत किती वेळा वापरला असेल. ते त्यांनी स्वतःच सांगितलं. शेवटच्या घराचं नाव आम्हाला हवं आहे, कोणाला माहीत असेल तर कागदावर लिहून इथे आणून द्या, मी ते लगेच मोठ्याने वाचेन. मग त्यांनी यादी सुरू केली.

वाचत त्या छान. घराचा नंबर, आडनाव, आणि एकच वाक्य. रेल्वेत हमाल होते. दोघी बहिणी, कपडे इस्त्री करून द्यायच्या. यांच्याकडे पियानो होता, वाजवता कोणालाच येत नसे. प्रत्येक घराला तिसऱ्या रांगेतून एक हलका हुंकार यायचा. सातव्या घराला आपल्यातलीही काही माणसं मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागली. एवढं चांगलं आमच्या स्टेजवर काही झालं नव्हतं, आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

अकराव्या घराला अध्यक्ष माझ्या कानाशी आले.

"चिठ्ठी पाठव. वडे गार होतायत. साडेचारला हॉल खाली करायचाय, नाहीतर सप्टेंबरचं विसरा."

घड्याळात चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. सात घरं राहिली होती, फार तर चार मिनिटं. मी नाही म्हणू शकत होते. माइक माझा होता, कागद माझा होता, पेन माझं होतं. अध्यक्ष काही माझे बॉस नव्हते. एरवी मी त्यांना हवं तिथे तोडते. मी लिहिलं. बाईंना कळावं म्हणून इंग्रजीत लिहिलं: एक मिनिटात संपवावे, अल्पोपाहार तयार आहे, धन्यवाद. आणि रूक्ष वाटू नये म्हणून खाली हसरा चेहरा काढला. मग वाकून, चोरपावलांनी गेले आणि घडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्या थांबल्या. घडीकडे पाहिलं आणि एक हात टेबलावर टेकला.

"थांबा जरा," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "कोणीतरी आणून दिलंय."

तिसऱ्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. एकीने दुसरीचा हात धरला. मी अजून स्टेजवरच होते, वाकलेली. मला तेव्हा कळलं आणि मी तशीच राहिले. हात पुढे करून कागद घ्यायचा होता, एवढंच. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद उघडला. आणि कबूल केल्याप्रमाणे त्यांनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पहिले दोन शब्द वाचल्यावर त्यांना कळलं असणार. पण त्या हजेरी घेणाऱ्या बाई होत्या, सुरू केलेलं वाक्य त्यांनी पूर्ण केलं. अल्पोपाहार तयार आहे. धन्यवाद.

मग आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. धन्यवाद ऐकलं की टाळ्या वाजवायच्या, एवढं आम्हाला पक्कं येतं. मागच्या रांगांत खुर्च्या सरकल्या. अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन लगबगीने आले, बाईंच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि त्यांना फोटोसाठी फ्लेक्सकडे वळवलं. त्या वळल्या. फोटोत त्या नारळ दोन्ही हातांनी धरून उभ्या आहेत आणि माझा अर्धा चेहरा कडेला आलाय, सवयीने हसरा. तिसऱ्या रांगेतल्या बायकांनी वडे घेतले नाहीत. त्यांनी चादर खाली उतरवली, तिची नीट घडी केली आणि बाईंना कोट घालून घेऊन गेल्या.

आम्ही चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी हॉल रिकामा केला. ग्रूपवर संध्याकाळपर्यंत अंगठे आणि फुलं पडत होती. टाइम मॅनेजमेंट सुपर्ब, असं काकांनीही लिहिलं. गावाच्या समितीने फारच प्रभावित झाल्याचं कळवलं आणि सप्टेंबरसाठी हॉल मिळाला. मंडळाच्या अंकातला वृत्तांतही मीच लिहिला. त्यात आहे, की पाहुण्यांनी जुन्या आठवणींना थोडक्यात उजाळा दिला. ते वाक्य लिहिताना मला माझी किळस आली आणि मी ते बदललं नाही.

दहा दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. काम होतं, बर्फ होता, अशी कारणं मी स्वतःला पुरवत होते. अकराव्या दिवशी गेले. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, आधी माझ्या मुलीचं विचारलं. आम्ही त्याच टेबलाशी बसलो. मी म्हणाले, यादी पुन्हा कुठेतरी पूर्ण वाचायची का, मी व्यवस्था करते. त्या म्हणाल्या, बघू. त्यांच्यातली एक त्या आठवड्यात इस्पितळात होती. हॅट घातलेल्यांमधली सर्वांत मोठी, जिला गल्ली सगळ्यांत जास्त आठवायची ती.

मग बोलायचं होतं ते बोलले. "ती चिठ्ठी मीच लिहिली होती."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या मुलीच्या तापाच्या, दाताच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच टेबलावर यायच्या. घडी उघडली आणि तुझं अक्षर ओळखलं."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कदाचित त्यासाठीच मी गेले असेन.

"अक्षर दिसलं तेव्हा आधी आनंदच झाला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ही हॉलभर फिरली असणार. एकेकाला विचारत गेली असणार, आणि कुणाकडून तरी घेऊन आली."

"मी कोणालाच विचारलं नव्हतं," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "ते पुढे वाचल्यावर कळलं."